गुण आणि सद्गुण: व्हिडिओ खेळांतील साध्य व संग्राम यांचा एक ऐतिहासिक विचार

१

व्हिडिओ खेळांचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पडद्यावरील ठिपक्यांची चित्रे झाली, चित्रांना रंग आला, पुढे खोली आली, आणि अखेरीस चलच्चित्रपटाशी स्पर्धा करणारी दृश्ये निर्माण झाली, असा हा क्रम आहे. तो खोटा नाही. परंतु एक महत्त्वाचा प्रश्न त्यात राहून जातो. खेळणाऱ्याने नेमके काय साधावयाचे, आणि ते साधण्यासाठी कोणाशी व कोणत्या रीतीने झुंजावयाचे, हे ठरविणाऱ्या कल्पना कसकशा पालटत गेल्या? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार १९६२ ते २०१५ या कालखंडापुरता केला आहे. सर्व खेळांचा आढावा घेणे हा येथे हेतू नाही. शत्रूचा नाश आणि गुणसंख्येची वाढ हे रूढ साध्य ज्यांनी सोडले, अथवा निदान डळमळविले, अशा काही निवडक खेळांची नियमरचना तपासून त्यांतील पालट कोठे घडला, एवढेच पाहावयाचे आहे.

अशा तपासणीस एखादी कसोटी हवी. ती आपल्या परिचयाच्या एका पटावरूनच सुचते. मोक्षपट हा खेळ महाराष्ट्रात सुविदित आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्या श्रेयाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. उत्तर भारतात ज्ञानचौपड या नावाने याच जातीचे पट आढळतात. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे, तर जैन पटांत ८४ घरे असतात. घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची व लोकांची नावे, सद्गुणापासून वर नेणारी शिडी, दुर्गुणापासून खाली आणणारा साप, आणि साध्य म्हणजे वैकुंठ अथवा मोक्ष. शत्रूची सोंगटी मारणे हे येथे साध्यच नव्हे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडात गेला, तेथे प्रथम त्याला इंग्रजी सदाचाराची चित्रे लाभली, आणि पुढे तीही गळून केवळ १ ते १०० हे आकडे उरले. तरीही खेळ जसाच्या तसा चालू राहिला. असे का व्हावे? कारण उघड आहे. शिडीच्या पायथ्याशी पोचणे हे खेळणाऱ्याच्या निवडीवर नव्हे, पडणाऱ्या दानावर अवलंबून होते. सद्गुण घराच्या नावात होता, चालीच्या नियमात नव्हता. दैवाधीनतेतूनच कर्मविपाक शिकवावयाचा होता, असा बचाव करता येईल, व तो अगदीच निराधार नाही. तथापि नावे पुसली गेल्यावर त्या शिकवणीला पटावर आधार उरला नाही, ही गोष्ट खरीच.

यावरून जी कसोटी निघते, तिला आपण नामलोपाची कसोटी म्हणू. एखाद्या खेळातील सर्व नावे, चित्रे व कथा क्षणभर पुसून टाकावीत आणि केवळ नियम पाहावेत. साध्याचे वेगळेपण त्यानंतरही टिकले, तर ते रचनेत आहे. न टिकले, तर ते वेषात आहे. पुढील विवेचनात ही कसोटी लावून पाहिली आहे, आणि तिची मर्यादा कोठे येते तेही दाखविले आहे.

२

प्रारंभ युद्धानेच झाला. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. मध्ये एक तारा, त्याच्या गुरुत्वाकर्षणात फिरणारी दोन अवकाशयाने, मोजके इंधन, मोजके बाण, आणि एकाने दुसऱ्यास नष्ट करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. हे द्वंद्व दोन माणसांमधील होते; यंत्र केवळ रणभूमी पुरवीत असे. नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी याच कल्पनेवरून १९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे नाणे टाकून चालणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा समोरचा माणूस गेला आणि त्याच्या जागी यंत्रच शत्रू झाले.

या बदलाचे पूर्ण स्वरूप १९७८ मध्ये दिसले. जपानातील ताइतो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो याने रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात ५५ आक्रमक पाच ओळींत उभे राहून हळूहळू खाली सरकतात. त्यांना टिपावे, सर्व संपले की पुन्हा तितकेच येतात. यात एक तांत्रिक योगायोग मोठा अर्थपूर्ण ठरला. आक्रमकांची संख्या घटली की ते रेखाटण्याचे काम कमी होऊन यंत्र त्यांना अधिक वेगाने हलवीत असे. निशिकादोने हा दोष न काढता खेळाचा भाग म्हणून राखला. परिणामी शत्रू जितके मारावे, तितके उरलेले भयंकर होत. या खेळात विजय नाही. पराभव लांबविणे व तोवर गुण साठविणे, एवढेच शक्य आहे.

ही रचना आर्थिक गरजेतूनही बळकट झाली. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या मालकास डाव लवकर संपावा, पण पुन्हा खेळण्याची इच्छा मात्र उरावी, असे वाटणे स्वाभाविक होते. निश्चित शेवट असलेला खेळ एकदा जिंकला की संपतो; अंतहीन खेळ व पडद्यावर झळकणारी सर्वोच्च गुणसंख्या यांमुळे दुसरे नाणे पडते. साध्य म्हणजे गुण, हे समीकरण निव्वळ युद्धप्रियतेतून आले नाही. यंत्राच्या जमाखर्चाचाही त्यात मोठा वाटा आहे. पुढील पालट समजण्यास हा मुद्दा लक्षात ठेवणे अवश्य आहे.

३

या समीकरणास पहिला गंभीर धक्का त्याच बाजारातून बसला, ही विशेष गोष्ट आहे. १९८० साली अटारी कंपनीसाठी डेव्ह थ्यूरर याने ‘मिसाइल कमांड’ हा खेळ रचला. पडद्याच्या तळाशी सहा शहरे व तीन तळ. आकाशातून क्षेपणास्त्रे उतरत असतात. खेळणाऱ्याने त्यांच्या वाटेत स्फोट घडवून ती अडवावयाची. शत्रूच्या भूमीवर प्रहार करण्याची सोयच ठेवलेली नाही. प्रत्येक तळावर प्रत्येक लाटेसाठी केवळ दहा क्षेपणास्त्रे. म्हणून कोणते शहर राखावे व कोणते सोडून द्यावे, हा निर्णय खेळणाऱ्यास करावा लागतो. अखेरीस सर्व शहरे जाणारच. इतर यंत्रांवर अशा वेळी डाव संपल्याची सूचना येत असे. येथे मात्र केवळ ‘अंत’ या अर्थाचा शब्द उमटे. या खेळावर काम करीत असता अण्वस्त्रयुद्धाची भयस्वप्ने आपणास पडत, असे थ्यूररने पुढे सांगितले आहे.

नामलोपाची कसोटी येथे लावून पाहावी. शहरांची चित्रे पुसून सहा ठिपके ठेवले, तरी प्रतिपक्षावर हल्ला करता न येणे, साधनांची चणचण, आणि सोडून देण्याची सक्ती, या तिन्ही गोष्टी कायम राहतात. रक्षण हे साध्य नियमांतच आहे. तथापि या खेळातही गुणसंख्या होतीच. लाटेअखेर वाचलेल्या शहरांचे व उरलेल्या अस्त्रांचे जादा गुण मिळत, आणि पुरेसे गुण झाले की नवे शहर लाभे. शहर हे राखण्याची वस्तू असतानाच मोजण्याचा आकडाही होते. मराठीत ‘गुण’ हा एकच शब्द परीक्षेतील आकड्यालाही लागतो आणि स्वभावातील चांगुलपणालाही. या दोन अर्थांची गाठ पुढील खेळांत अधिकच घट्ट होत गेलेली दिसेल.

४

घरगुती संगणकांच्या प्रसाराने नाण्याचे बंधन सुटले. खेळाचे मूल्य आरंभीच चुकते झाल्यामुळे डाव लवकर संपविण्याची निकड उरली नाही, आणि साध्याविषयी नवे प्रयोग करण्यास जागा झाली. १९८५ या एकाच वर्षी असे दोन महत्त्वाचे प्रयोग झाले.

पहिला रिचर्ड गॅरियट याचा ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथा खेळ. तोवरच्या अशा खेळांत एखाद्या दुष्टास अखेरीस मारावयाचे, आणि त्यासाठी वाटेत चोरी करावी लागली वा नगरवासी मारावे लागले तरी नियमांची हरकत नसे. गॅरियटने अखेरचा दुष्टच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म व नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे, हे येथील साध्य. अवतार हा शब्द संस्कृतातून घेतलेला आहे. प्रत्येक सद्गुणाच्या देवस्थानी मंत्राचे ध्यानही करावे लागते. मात्र या शब्दांच्या उसनवारीपेक्षा नियमांतील बदल अधिक मोलाचा आहे. आंधळी दुकानदारीण वनस्पती विकते व किती पैसे दिले ते खेळणाऱ्यास विचारते; कमी दिले तर कोणी पकडत नाही, पण प्रामाणिकपणा घटतो. दुष्ट नसलेला प्राणी पळू लागला असता त्यास जाऊ देणे करुणेत जमा होते. दुष्टापुढून आपण पळालो तर शौर्य उणे होते. लढाया पुष्कळ आहेत. परंतु लढाईचा अर्थ विजयाने ठरत नसून वर्तनाने ठरतो. साध्य बदलताच संग्राम बदलला, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

परंतु कसोटी लावल्यावर काय दिसते? आठ गुप्त संख्या, आणि त्या वाढविणाऱ्या व घटविणाऱ्या कृती. संख्या खेळणाऱ्यापासून लपविल्या आहेत. राजवाड्यातील एक द्रष्टा केवळ मोघम शब्दांत प्रगती सांगतो. ही लपवणूक सहेतुक असावी, कारण आकडा दिसताच दान हा व्यवहार होतो. तरीही चाणाक्ष खेळणाऱ्यास लवकरच उमगते की भिकाऱ्यास पुनःपुन्हा एक नाणे दिल्याने करुणा वाढते. सद्गुण नियमांत उतरला खरा, पण उतरताना तो गुण झाला. मोक्षपटावर सद्गुण निवडीवाचून लाभत असे. येथे तो निवडीने, पण मोबदल्यासह लाभतो.

दुसरा प्रयोग क्रिस क्रॉफर्ड याचा ‘बॅलन्स ऑफ पॉवर’. अमेरिका व सोव्हिएट संघ यांपैकी एकाचे नेतृत्व खेळणाऱ्याकडे. आठ फेऱ्यांत आपल्या राष्ट्राची प्रतिष्ठा वाढवावयाची. जगातील कोणत्याही देशात हस्तक्षेप केला की प्रतिपक्ष आक्षेप घेऊ शकतो. मग पायरीपायरीने ताण वाढतो. माघार घेतली तर प्रतिष्ठा जाते, आणि जितकी उशिरा घ्यावी तितकी अधिक जाते. कोणीच माघार घेतली नाही तर अण्वस्त्रयुद्ध होऊन डाव हरतो. त्या वेळी पडद्यावर स्फोटाचे कोणतेही दृश्य येत नाही; अपयशास बक्षीस दिले जात नाही, अशा आशयाचे चार शब्द तेवढे येतात. देशांची नावे पुसली, तरी चढत्या बोलीचा व महागत जाणाऱ्या माघारीचा हा नियम पूर्णपणे उरतो. संग्राम हे येथे साधन नव्हे. तो टाळण्याची कला हाच खेळ आहे. शिवाय नाशाचे दृश्य नाकारून क्रॉफर्डने एक सूक्ष्म गोष्ट ओळखली. दृश्य हेही बक्षीस असू शकते; पराभव नेत्रदीपक असेल तर खेळणारा त्याच्याकडेच धाव घेईल.

याच दशकात तिसरी एक वाट निघाली. विल राइट याने १९८४ मध्ये ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ हा हेलिकॉप्टरमधून कारखान्यांवर बाँब टाकण्याचा खेळ रचला. त्यासाठी बेटांचे नकाशे करण्याचे जे उपकरण त्याने बनविले होते, त्यातील रचनेचा आनंद त्यास बाँबफेकीहून अधिक वाटला. जे. फॉरेस्टर याच्या नगरविषयक प्रतिमानांचा अभ्यास करून त्याने त्यातून ‘सिमसिटी’ हा खेळ घडविला. ज्यात जिंकणे अथवा हरणे नाही तो खेळ विकावा कसा, अशी शंका प्रकाशकांना आली. तो १९८९ साली मॅक्सिस या नव्या कंपनीने बाजारात आणला. उद्ध्वस्त करण्यासाठी उभारलेले नगर हेच शेवटी खेळाचे साध्य ठरले. येथे साध्य बदलले इतकेच नव्हे, तर ते ठरविण्याचा अधिकारही बव्हंशी खेळणाऱ्याकडे गेला.

५

एकविसाव्या शतकाच्या आरंभी रूढ संग्रामाचा नियमच उलटा करून दाखविणारा एक छोटा खेळ निघाला. उरुग्वेचा गोन्झालो फ्रास्का व त्याचे सहकारी यांनी २००३ मध्ये ‘सप्टेंबर १२’ प्रसिद्ध केला. मध्यपूर्वेतील एक गजबजलेले गाव, त्यात नागरिक व काही दहशतवादी, आणि खेळणाऱ्याच्या हाती क्षेपणास्त्र. क्षेपणास्त्र सोडल्यावर ते पोचण्यास थोडा वेळ लागतो. तोवर माणसे हललेली असतात, आणि नागरिक मरतात. जवळचे लोक शोक करतात व त्यांतील काही दहशतवादी होतात. येथे जिंकणे वा हरणे नाही. नामलोप केला तरी ‘प्रहाराने लक्ष्ये वाढतात’ हा नियम उरतोच. वाचकांस स्मरेल की ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्येही मारण्याने उरलेले शत्रू भयंकर होत, पण तेथे तो वेग खेळाची गोडी वाढवीत असे. फ्रास्काने तत्सम परिणाम कारण म्हणून मांडला, आणि त्यामुळे खेळ युक्तिवाद झाला.

युद्धातील योद्ध्याऐवजी नागरिक हा विषय घेण्याचे श्रेय पोलंडमधील ११ बिट स्टुडिओज या संस्थेच्या २०१४ मधील ‘धिस वॉर ऑफ माइन’ या खेळास द्यावे लागते. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्यातून त्यास प्रेरणा मिळाली. मोडक्या घरात काही माणसे राहतात. दिवसा बाहेर पडता येत नाही. रात्री एकाने जाऊन अन्न, औषध, सरपण शोधून आणावयाचे. युद्धविराम केव्हा होईल ते खेळणाऱ्यास ठाऊक नसते. एखाद्या वृद्ध दांपत्याच्या घरी चोरी केली तर अन्न मिळते. परंतु घरातील माणसे खिन्न होतात, खचतात, कोणी घर सोडून जातो, कोणी जीवही देतो. २०२० साली पोलंडच्या शासनाने शालेय विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनसूचीत या खेळाचा समावेश करण्याचे जाहीर केले. खेळाला ग्रंथांच्या पंक्तीस बसविणारी ही घटना इतिहासकाराने नोंदविण्याजोगी आहे.

‘अल्टिमा’शी तुलना केली असता एक फरक जाणवतो. तेथे सत्कृत्याने संख्या वाढत असे. येथे दुष्कृत्याची किंमत मोजावी लागते, पण सत्कृत्य करणारा उपाशी राहू शकतो. सदाचार व लाभ यांची फारकत होऊ लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

६

आता कसोटीच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. जपानी रचनाकार फुमितो उएदा याच्या २००५ मधील ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ या खेळात एक तरुण मृत मुलीस पुन्हा जिवंत करण्यासाठी सोळा महाकाय प्राण्यांस मारतो. विस्तीर्ण, निर्जन प्रदेश. या सोळांखेरीज शत्रू नाहीत. त्यांपैकी काही तर आपणहून हल्लाही करीत नाहीत. लढणे म्हणजे मुख्यतः त्यांच्या अंगावर चढणे व घट्ट धरून राहणे. प्राणी कोसळताच विजयवाद्यांऐवजी शोकस्वर वाजतात, आणि तरुणाचे रूप उत्तरोत्तर काळवंडत जाते. नावे, चित्रे व संगीत पुसले तर काय उरते? सोळा शत्रू मारून कार्य सिद्धीस नेणे. म्हणजे अगदी रूढ साध्य. कसोटीने हा खेळ अनुत्तीर्ण ठरतो, पण तो खेळलेला कोणीही त्यास रूढ म्हणणार नाही.

यावरून कसोटी त्याज्य ठरत नाही. तिचे क्षेत्र स्पष्ट होते. वेगळेपण कोठे आहे हे ती सांगते, त्याची योग्यता किती हे सांगत नाही. उएदाने नियम तसाच ठेवून त्याचे बक्षीस काढून घेतले. म्हणूनच नियमाकडे पाहण्याची खेळणाऱ्याची दृष्टी पालटते. हिदेओ कोजिमा याच्या २००४ मधील ‘मेटल गिअर सॉलिड ३’ या खेळात या दोन रीतींचा मिलाफ आढळतो. तेथे एका प्रसंगी नायकास नदीच्या पात्रातून चालत जावे लागते, आणि त्याने तोवर ज्यांना ज्यांना मारले त्यांची भुते समोरून येतात. झुंजण्याजोगे तेथे काहीच नसते. ज्याने क्वचितच मारले, त्याची नदी जवळजवळ रिकामी असते. कृत्यांची नोंद येथेही आहे. पण ती गुणफलकावर न दाखविता खेळणाऱ्यास तिच्यामधून चालावयास लाविले आहे.

७

या सर्व धाग्यांची गाठ टोबी फॉक्स याच्या २०१५ मधील ‘अंडरटेल’ या खेळात पडते. वरवर पाहता तो जुन्या घाटाचा आहे. राक्षस भेटतात, लढत होते, मारल्यास अनुभवाचे गुण मिळतात, पातळी वाढते. परंतु प्रत्येक राक्षसाशी बोलून, त्याचा स्वभाव ओळखून, त्यास सोडून देता येते. तोवर त्याचे प्रहार एका लहान चौकटीत चुकवीत राहावे लागते. सोडून दिल्यास थोडे पैसे मिळतात, अनुभवाचे गुण मात्र मुळीच मिळत नाहीत. ज्याने कोणासही मारले नाही, तो खेळाच्या अखेरपर्यंत आरंभीच्याच पातळीवर, आरंभीच्याच वीस जीवनांशांनिशी, उत्तरोत्तर प्रबळ शत्रूंसमोर उभा राहतो. ज्या संक्षेपास आपण अनुभव समजत होतो त्याचा अर्थ वधाचे गुण, आणि इंग्रजीत प्रेम असा वाचला जाणारा संक्षेप म्हणजे हिंसेची पातळी, हे शेवटाकडे उघड केले जाते.

या खेळात नामलोपाची कसोटी एक अनपेक्षित गोष्ट दाखविते. रचनाकाराने स्वतःच नावांचा बुरखा घातला व स्वतःच तो काढला. आणि खाली जो नियम उघडा पडला, तो इतर असंख्य खेळांचाही आहे. शिवाय डाव पुन्हा आरंभापासून सुरू केला, तरी मागील कृत्यांपैकी काहींची आठवण हा खेळ ठेवतो. एरवी व्हिडिओ खेळांत केलेले कृत्य पुसून टाकता येते, म्हणूनच तेथील हिंसा हलकी वाटते. फॉक्सने ती सोय काही अंशी काढून घेतली.

येथे एक शंका संभवते. कोणासही न मारणाऱ्यास ‘अंडरटेल’मध्ये अधिक समाधानकारक शेवट पाहावयास मिळतो, मग हे बक्षीसच नव्हे काय? शंका रास्त आहे. ज्या व्यवस्थेत प्रत्येक कृतीला नियमाने काही फल द्यावेच लागते, तेथे निष्काम कर्मास पूर्णपणे जागा करून देणे बहुधा अशक्य आहे. परंतु फल केव्हा व कोणत्या नाण्यात मिळते, याला महत्त्व आहे. १९८५ मध्ये करुणा दाखविणाऱ्याच्या खाती तत्काळ आकडा जमा होई. २०१५ मध्ये करुणा दाखविणारा प्रत्येक पावलास दुबळा राहतो, आणि तो दुबळेपणा त्याने पुनःपुन्हा, फळाची खात्री नसताना, पत्करावयाचा असतो. मराठीतील ‘गुण’ शब्दाचे जे दोन अर्थ ‘अल्टिमा’ने एक केले होते, ते येथे वेगळे झाले.

या विवेचनातून निष्पन्न होणारा निष्कर्ष असा. व्हिडिओ खेळांतील साध्याचा पालट शत्रूचा वेष बदलल्याने झाला नाही. काय मोजावयाचे, काय मोजावयाचे नाही, आणि मोजलेले खेळणाऱ्यास केव्हा दाखवावयाचे, या निर्णयांतून तो झाला. नाण्याच्या यंत्राने गुण मोजले कारण त्यावर व्यवसाय चालत होता. घरगुती संगणकाने सद्गुण मोजून पाहिले. आणि पुढील रचनाकारांनी मोजणीवरच प्रश्नचिन्ह उमटविले. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने खेळाची कथा व जाहिरात एवढ्यावर न थांबता त्याचे नियम हे ऐतिहासिक साधन म्हणून वाचले पाहिजेत. त्यासाठी तो खेळ प्रत्यक्ष खेळावा लागेल, आणि केवळ जिंकण्यासाठी नव्हे. दान न देता, माघार न घेता, शस्त्र न उचलता काय होते, हेही पाहावे लागेल. नियम काय मोजतो हे तो पाळून जितके कळते, तितकेच, किंबहुना अधिक, तो मोडून पाहताना कळते.